बॉयकाचा गुडघा

काही सिनेमे थिएटरचं तोंड न बघताच थेट डीव्हीडीच्या दुकानात जाऊन बसतात. नावापुढे ‘२’ असतो आणि पहिल्या भागातले मोठे नट मात्र गायब असतात. २००६चा ‘अनडिस्प्युटेड २’ याच कुळातला. २००२च्या पहिल्या भागात वेस्ली स्नाइप्स आणि व्हिंग ऱ्हेम्स होते. दुसऱ्या भागापर्यंत दोघंही गळले. ऱ्हेम्सनं रंगवलेला बॉक्सर चेंबर्स आता मायकेल जाय व्हाइट झाला आणि याबद्दल सिनेमात कुणी चकार शब्द काढत नाही. आपल्या मालिकांत सून बदलली तर निदान एखादी पाटी तरी दाखवतात.

चेंबर्स व्होडकाच्या जाहिरातीसाठी रशियात जातो, त्याच्या सामानात कुणीतरी ड्रग्ज ठेवतं आणि स्वारी तुरुंगात. तिथं कैद्यांच्या झुंजी लावून गुंड पैसा करतात आणि त्या झुंजींचा बादशहा असतो युरी बॉयका. चित्रीकरण बल्गेरियातलं, कारण ते स्वस्तात होतं. म्हणजे तुरुंग रशियाचा, भिंती बल्गेरियाच्या, रशियन बॉयका हा इंग्लंडचा स्कॉट ॲडकिन्स आणि दिग्दर्शक आयझॅक फ्लोरेन्टाइन इस्रायलचा. हे रशियन आपसातसुद्धा घोगऱ्या इंग्रजीत बोलतात. ‘चॅरियट्स ऑफ फायर’मध्ये ऑलिम्पिकला धावलेला बेन क्रॉस इथं चेंबर्सच्या कोठडीत नशेबाज होऊन लोळत असतो. बघून जीव हळहळतो, पण गडी काम मन लावून करतो. संवादांबद्दल न बोललेलंच बरं.

मग झुंज सुरू होते आणि सगळं माफ होतं.

२००४च्या ‘बॉर्न सुप्रीमसी’नंतर मोठ्या सिनेमांना कॅमेरा हलवायची खोडच लागली. कोण कुणाला मारतंय ते कळायच्या आत दृश्य पन्नास वेळा तुटतं. फ्लोरेन्टाइन कॅमेरा मागे नेतो आणि माणूस डोक्यापासून टाचेपर्यंत दाखवतो. बॉयका उडी घेतो, हवेत गिरकी मारतो, एक पाय येतो, तो चुकवावा तर त्याच गिरकीतून दुसरा. पुढे स्लो मोशनमध्ये तेच पुन्हा, कारण असली लाथ एकदाच दाखवणं परवडणार कसं? आवाजाचा मात्र अतिरेक आहे. पाय उचलला की ‘सूंऽऽ’, मान वळवली तरी ‘सूंऽऽ’. दिग्दर्शक ‘पॉवर रेंजर्स’मध्ये घडलेला, ती सवय अशी कशी सुटणार!

एकदा आई स्वयंपाकघरातून डोकावली.

“हा दाढीवाला वाईट ना रे?”

“हो.”

“मग तू का त्याच्या बाजूनं?”

प्रश्न बिनतोड होता. पहिली झुंज बॉयका जिंकतो, पण चेंबर्सच्या पाण्यात गुंगीचं औषध घातलेलं असतं. हे कळल्यावर खलनायकानं खरं तर गालात हसायचं. बॉयका पिसाळतो. फुकटचा विजय त्याला पचत नाही. शेवटच्या झुंजीत चेंबर्स त्याचा पाय मोडतो. नायक जिंकतो आणि आपण उगाच खट्टू होतो.

बनवणाऱ्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण २०१०च्या तिसऱ्या भागात चेंबर्स नाहीच, नायक झालाय बॉयका. आणि तो लंगडतो! महागड्या सिनेमात दहाव्या मजल्यावरून पडलेला नायक पुढच्या दृश्यात टाय सारखा करतो. इथं चार वर्षांपूर्वी मोडलेला गुडघा अजून दुखतोय. कालचा बादशहा तुरुंगात साफसफाई करतो आणि कुणी बघत नसताना त्या पायाला पुन्हा कामाला लावतो. जॉर्जियातल्या तुरुंगात स्पर्धा भरते, चिलीचा मार्को झरोर समोर उभा राहतो आणि नेमका त्याच गुडघ्यावर लाथा घालतो. तेव्हा आपलाही पाय आपोआप आखडतो. कथेचं बजेट तुटपुंजं, पण एका गुडघ्याचा हिशेब त्यांनी चोख ठेवलाय.

ॲडकिन्सला पुढे २०२३मध्ये ‘जॉन विक ४’ मिळाला. रग्गड पैशाचा सिनेमा, झगमगाट, सगळं काही. त्यांनी काय केलं, तर त्याला जाड्या माणसाचा फुगीर पोशाख चढवला आणि तोंडात सोन्याचे दात बसवले. जे शरीर दाखवण्यावर बल्गेरियातल्या सिनेमांचं पोट चाललं, ते इथं पैसे मोजून झाकलं. गडी त्या गादीतूनही लाथ मारतोच, आणि ती लागते.