गॅलरीत ताडमाड वाढवण्याची सोपी रीत

नर्सरीत जाऊन कमरेइतका पाम रिक्षात घालून आणणं कुणालाही जमतं. त्यात ना पुण्य, ना पुरुषार्थ. बी रुजवून घरच्या घरी पाम उभा करणं, हे खरं व्रत. त्याला उद्यापन नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो. वय साठीच्या पुढे असेल तर ही पायरी-पायरीची माहिती जरा भरभर वाचा.

१. बी निवडा.

नवशिक्यांनी खजुरापासून सुरुवात करावी. एकादशीला ताटलीत ज्या बिया उरतात, त्याच कच्चा माल. पदरचं काही जात नाही. पूजेच्या सुपारीच्या वाटेला जाऊ नका. ती कडकडीत वाळवलेली असते. तिला गणपती मानता येतं, रुजवता येत नाही. रुजवायला झाडावर पिकलेली, सालासकट सुपारी लागते, आणि ती श्रीवर्धनकडे ज्यांचे मामा आहेत त्यांनाच मिळते. नसेल मामा तर सोडून द्या.

महत्त्वाकांक्षी मंडळी दर्यानारळाची चौकशी करतात. हा मूळचा सेशेल्स बेटांवरचा, आणि जगातलं सगळ्यात जड बी याचंच. वीस किलोपर्यंत सहज जातं. हावड्याच्या वनस्पती उद्यानात १८९४ साली याचं एक झाड लावलं. ते मादी निघालं आणि जवळपास कुणी नर नाही, म्हणून परदेशातून पराग मागवण्यापर्यंत पाळी आली. स्थळं बघण्याचा अनुभव दांडगा असेल तरच या भानगडीत पडा. बजरबट्टूचे मणी ज्याच्या बियांचे करतात तो ताली पाम तर कित्येक दशकं नुसता वाढतो, आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो. तो फुलेल तेव्हा फोटो कोण काढणार, हे आत्ताच ठरवून ठेवा.

२. बी धुऊन भिजत घाला.

गर अजिबात ठेवू नका, नाहीतर आधी मुंग्या येतील आणि मागून बुरशी. दोन दिवस पाण्यात ठेवा, रोज पाणी बदला. वाटीवर चिठ्ठी लावा. न लावल्यास ती वाटी कुणीतरी घासून पालथी घालेल आणि वर तुम्हालाच विचारेल, ‘त्या बिया कशाला ठेवल्या होत्या?’ या प्रश्नाचं उत्तर आजवर कुठल्याही हौशी माणसाला धड देता आलेलं नाही.

तरंगणाऱ्या बिया वांझ समजून फेकाव्यात, असं जाणकार सांगतात. जरूर फेका, मात्र शेजारच्या कुंडीत फेका. उगवल्या तर त्याच उगवतील.

३. पिशवीत भरा.

झिप लागणारी पारदर्शक पिशवी घ्या, तीत ओलसर कोकोपीट भरा. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, तेव्हा नव्या रोपाला सुरुवातीपासून नातेवाइकांतच ठेवल्यासारखं होतं. मूठ आवळल्यावर पाणी निथळता कामा नये. बी आत खुपसा, झिप लावा, वर तारीख लिहा. पुढे कधीतरी ती तारीख वाचून घरचे हसतील, पण शास्त्र म्हणजे शास्त्र.

उष्णता हवी तीस अंशांच्या आसपास. फ्रिजचा माथा किंवा वायफायच्या डब्याशेजारची जागा उत्तम. अंधाऱ्या कोपऱ्यात ओलसर तपकिरी भुशाची पिशवी पाहून पाहुणे काय समजतील, याची फिकीर करू नका. पाहुणे यायचेच कमी होतील.

४. वाट पाहा.

मुख्य पायरी ही. बाकीच्या तोंडी लावायला आहेत. खजूर काही आठवड्यांत हालचाल करतो, नारळ तीन ते सहा महिने घेतो, काही जाती वर्षभर ढिम्म असतात. या काळात उकरून पाहू नये, असं प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि लिहिणाऱ्यानंही उकरून पाहिलेलं असतं. तुम्हीही पाहणारच, तर काय बघायचं ते तरी समजून घ्या.

खजुराच्या बीला एका अंगाला लांब चीर असते आणि पाठीवर, साधारण मधोमध, बारीक टिकलीएवढा ठिपका. या ठिपक्यातून पांढरं, बोथट बोट बाहेर येतं आणि वर न जाता सरळ खाली घुसतं. इथे नवशिक्याचा घात होतो. बी उलटं लागलं असं वाटून तो ते फिरवतो. बोट पुन्हा वळून खाली जातं. तो पुन्हा फिरवतो. अशी कुस्ती बरेच दिवस चालते. खरी गोष्ट अशी की पान बीमधून येतच नाही. ते बोट खाली चांगलं रुतलं की त्याच्याच अंगातून, बीपासून थोडं लांब, पान वर निघतं. तेव्हा हात मागे बांधून बसा.

फारच कंटाळा आला तर इस्रायलमधल्या मसादा किल्ल्याची आठवण काढा. तिथल्या उत्खननात सापडलेलं सुमारे २००० वर्षांपूर्वीचं खजुराचं बी २००५ साली लावलं आणि ते चक्क रुजलं. तुमची पिशवी फ्रिजवर कितीशी झाली? दिवाळीपासूनच ना?

५. पहिलं पान आलं की पहारा बसवा.

पामचं पहिलं पान पामसारखं दिसत नाही. गवताचं एक हिरवं पातं उभं राहतं, बस. खजुराला पिसासारखी पानं फुटायला वर्ष-दोन वर्षं लागतात, तोवर ते पातंच. झाडलोट करणाऱ्या मावशी, सुट्टीला आलेली मुलं, माळीकामाची हौस असलेले सासरे, यांपैकी कुणीही ते तण समजून उपटू शकतं, आणि उपटल्यावर शाबासकीच्या अपेक्षेनं तुमच्याकडे बघतं. पाटी लावलीत तरी ‘हे गवत नाही’ असं लिहू नका. येणारा-जाणारा मुद्दाम वाकून खात्री करून घेतो.

६. नर की मादी, हे विचारू नका.

खजुरात नर झाड वेगळं, मादी वेगळी. बियांतून साधारण निम्मे नर निघतात आणि फुलोरा येईपर्यंत, म्हणजे काही वर्षं, पत्ता लागत नाही. मसादाचं ते बीसुद्धा नरच निघालं. दोन हजार वर्षांनी! पुढे तसल्याच प्राचीन बियांतून एक मादी रुजली आणि २०२० मध्ये कुठे खजूर हाती आला. तुमची मादी निघाली तरी फळ तुम्ही खाल्लेल्या खजुरासारखंच असेल याची हमी नाही, म्हणून तर बागायतदार बी न लावता मुनवे किंवा उतिसंवर्धित रोपं लावतात. शिवाय ऐन पिकायच्या वेळी पाऊस चालत नाही. कच्छमध्येसुद्धा मृगाच्या धास्तीनं फळ कच्चंच, करकरीत असताना उतरवतात. मुंबईच्या गॅलरीत त्याचं काय होईल, ते तुमचे वाळत घातलेले कपडे सांगतील.

७. कलशावरचा नारळ.

ही पायरी तुम्ही निवडत नाही, ती तुम्हाला निवडते. देवघरातल्या कलशावरचा नारळ महिनोन्महिने पाण्याच्या तोंडाशी बसलेला असतो, त्याला कुणी उकरत नाही की फिरवत नाही, आणि नेमका तोच रुजतो. शेंडीखालच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो. त्यातून एके सकाळी हस्तिदंती रंगाचा कोंब शेंडी बाजूला सारून डोकं काढतो. घरात आनंदीआनंद. शुभशकुन! आता तो फोडता येत नाही, टाकता येत नाही, आणि आतलं पाणी आटून तयार झालेला मऊ गोड गोळा डोळ्यांपुढे आला तरी तसं बोलून दाखवता येत नाही.

लावायचा कुठे? शिफारस अशी आहे: एक मीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल खड्डा घ्यावा आणि दोन माडांत पंचवीस फूट अंतर ठेवावं. गॅलरी चार फुटांची असल्यास खड्ड्यासाठी खालच्या मजल्यावरच्यांना विश्वासात घ्यावं लागेल.

मग साहजिकच सोसायटीच्या आवारावर नजर जाते. अर्ज करा. कमिटीत एक गट म्हणेल लावा, दुसरा विचारेल नारळ कुणाचे आणि तिसरा विचारेल गाडीच्या काचा कुणाच्या. तीन सभांनंतर कंपाउंडच्या कडेला परवानगी मिळेल. एकदा झाड वाढलं की १९७५ चा झाडं जतन करण्याचा कायदा लागू, म्हणजे परवानगीशिवाय कुऱ्हाड लावायची सोय नाही. गेंड्या भुंगा मात्र कुणाची परवानगी घेत नाही. माडाला वाढायला शेंडा एकच. तो पोखरला की खेळ खलास. पानांच्या बेचक्यात वाळू आणि डांबरगोळ्या घालतात. त्यासाठी कपाटातल्या गोळ्या काढल्यात तर पैठणीला कसर लागेल. काय वाचवायचं ते घरात विचारून ठरवा.

बाणवली जातीला फळ धरायला सहा ते आठ वर्षं लागतात. इमारत पुनर्विकासाला त्याआधी जाते.

८. सुपूर्द करा.

खरी कसोटी इथेच. ज्याच्याकडे जमीन आहे असा नातेवाईक शोधा. बंगलेवाला मित्र पहिल्या पामला हसून हो म्हणतो, दुसऱ्याला फोन उचलत नाही. त्यामुळे मोठा नग आधी द्या. कोकणातल्या चुलत्यांकडे माड आहेतच, त्यांना आणखी एक नकोच आहे, पण देवाचा नारळ म्हटल्यावर ते नाही म्हणू शकणार नाहीत. रोप गोणपाटात गुंडाळून रात्रीच्या एसटीनं न्या, परसात ठेवा, चहा घ्या आणि गडग्याला कुठे जागा आहे ही चर्चा सुरू व्हायच्या आत निघा.

रिकाम्या हाती पाठवायची त्यांच्याकडे पद्धत नाही. वाटेला लागताना काकू चार नारळ पुढे करतील. घ्या, पण खवून मागा.