तसं नाही

आमच्या खानदेशात माणूस प्रश्न विचारतो तेव्हा उत्तर त्याला आधीच ठाऊक असतं. तुम्ही फक्त 'हो भो' म्हणायचं आणि चहा प्यायचा. नॅनोभाऊला हे तिशी उलटली तरी जमलेलं नाही. त्याचं प्रत्येक उत्तर 'तसं नाही'पासून सुरू होतं आणि समोरचा उठून गेला की संपतं.

नॅनोभाऊ म्हणजे माझा आतेभाऊ. गाव धुळ्याजवळ, फार्मसी शिरपूरला, पीएचडी जळगावात. कितवं वर्ष, हे विचारायचं नसतं. विषय असा : सोन्याचे नाहीतर लोखंडाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण कॅन्सरच्या गाठीत पोचवायचे, त्यांच्याकरवी गाठ आतून तापवायची आणि जोडीला रेडिएशन द्यायचं. आत्याला मात्र पहिली काही वर्षं पोरगा टाटांच्या गाडीच्या कारखान्यात चिकटणार असंच वाटत होतं. गाडी बंद पडली तेव्हा तिनं गल्लीत हळहळही व्यक्त केली.

या जातीचा माणूस ओळखायला सोपा. मोबाइलमध्ये पुतण्या-भाच्यांपेक्षा उंदरांचे फोटो जास्त. पंगतीत वरणाची वाटी हातात आली की आधी तापमानाचा अंदाज, मग घास.

आणि तापमान हा तर त्याचा दुखरा कोपरा. गाठ तापवायची ती साधारण ४० ते ४३ अंशांपर्यंत. हे त्यानं एकदा, तेही मे महिन्यात, पानटपरीवर सांगितलं.

"त्रेचाळीस? आज भुसावळला पंचेचाळीस आहे. मग आमच्याकडं कॅन्सर व्हायलाच नको."

"तसं नाही, काका. बाहेर पंचेचाळीस असलं तरी तुम्ही आत सदतीसच असता. घाम येतो, रक्त उष्णता बाहेर वाहून नेतं. गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, तिला ती उष्णता नीट बाहेर टाकता येत नाही. शिवाय गाठीच्या आतल्या भागात प्राणवायू कमी. अशा पेशी रेडिएशनला दाद देत नाहीत, पण उष्णतेपुढं नरम पडतात. आणि रेडिएशननं तुटलेला डीएनए सांधायची त्यांची जी यंत्रणा असते ना, ती..."

काका केव्हाच सावली बघून निघाले होते. यंत्रणा टपरीवाल्यानं ऐकली, उधारी बाकी होती म्हणून.

सोन्याचा किस्सा तर जळगावच्या सराफ बाजारातला आहे आणि मी स्वतः हजर होतो. आमच्या एका मामांचं तिथं दुकान. नॅनोभाऊनं खिशातून करंगळीएवढी काचेची कुपी काढून गादीवर ठेवली. आत लालभडक पाणी, शेवभाजीची तर्री गाळून घ्यावी तसं.

"हे सोनं, मामा."

मामांनी कुपी उजेडात धरली. बूच काढून वास घेतला. मग काडेपेटीतली काडी बुडवून कसोटीच्या दगडावर ओढली. दगड ओला झाला, दुसरं काही नाही. गादीच्या कोपऱ्यातली आजी धुळ्याची. ती म्हणाली, "सोनं कधी लाल ऱ्हास का रे भो?"

"तसं नाही, आजी. वीस नॅनोमीटरचे कण आहेत. एका केसाच्या जाडीत असे चार हजार ओळीनं बसतील. एवढं बारीक झालं की सोनं लालच दिसतं. सोन्याचा क्षार उकळत्या पाण्यात, त्यात सायट्रेट, म्हणजे लिंबाच्या आम्लाचं मीठच. पाणी आधी काळसर होतं, मग लाल. सोनं जड, त्याचा अणुक्रमांक ७९, त्यामुळं मांसापेक्षा क्ष-किरण जास्त अडवतं आणि आजूबाजूला इलेक्ट्रॉन उडवतं. वरून लेझर टाकला की तापतंही. एकच कण, दोन कामं!"

"तोळे किती?" मामा.

"एक मिलिग्रॅम असेल जेमतेम."

मामांनी बूच लावलं. "आमच्या दुकानाच्या केरातून झारेकरी याच्याहून जास्त काढतो." कुपी त्यांनी परत दिली, पण पावती फाडायला हात सवयीनं पुस्तकाकडं गेलाच होता.

"म्हणजे औषध तयार व्हयनं का?" आजीनं मुद्द्याचं विचारलं.

इथं कोणीही 'हो' म्हणालं असतं. नॅनोभाऊ म्हणाला, "तसं नाही. लेझर शरीरात फार खोल जात नाही. कण यकृतात जाऊन बसतात." मग लोखंडाचे कण, बदलतं चुंबकीय क्षेत्र. जर्मनीत मेंदूत पुन्हा उलटलेल्या गाठीच्या ५९ रुग्णांना हेच कण आणि रेडिएशन असं दोन्ही दिलं, त्याचा निबंध २०११ साली छापून आला. आजीनं यातलं एवढंच उचललं की त्या उपचाराआधी तोंडातलं धातूचं काम काढावं लागतं, नाहीतर तेही तापतं. तिनं पदर तोंडावर घेतला. सोन्याचा दात आजोबांनी बसवून दिलेला आहे.

हिवाळ्यात भरिताची पार्टी असते. बामणोदची वांगी, काड्यांचा जाळ, बडगीत मुसळानं ठेचणं. आत्या ठेचता ठेचता म्हणाली, "म्हणजे तुझं असंच ना? आधी भाजलं की ठेचायला सोपं."

"तसं ना..." म्हणून तो थांबला. वहीच काढली त्यानं. मागच्या पानावर वांग्याचं चित्र मी पाहिलं आहे.

शेजारचे अण्णा परळच्या टाटा हॉस्पिटलला निघाले, तेव्हा त्यांनी त्याच्यापाशी ते लाल पाणी मागितलं. 'तसं नाही'चा पाऊण तास झाला. पण तिकीट यानंच काढलं, सोबत गेला, पहाटेपासून केसपेपरच्या रांगेत उभा राहिला. अण्णा सांगतात, पोरगं बोलतं फार, पण रांग सोडत नाही.

गेल्या महिन्यात पारोळ्याचं एक स्थळ आलं होतं. मुलीचे वडील निवृत्त मुख्याध्यापक. पोहे झाले, उंदीर झाले, क्ष-किरण झाले. वडिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, बशी खाली ठेवली.

"ते ठीक. नोकरी पक्की आहे का?"

आम्ही सगळे 'तसं'ची वाट बघत बसलो. आत्यानं तर डोळेच मिटले.

"नाही," नॅनोभाऊ म्हणाला.