मधली बारा मिनिटं

बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. त्यात शाळेतली आंतरवासिता २० आठवड्यांची आणि तिला हजेरी ९० टक्के. मोंढ्यात आडतीच्या हिशेबावर जन्म घातलेल्या माझ्यासारख्या माणसाला यातली शिल्लक लगेच दिसते: दोन आठवडे. सूनबाईंनी आजारपण, पोळा, लेकराचा ताप आणि सोयऱ्यांची लग्नं या दोन आठवड्यांत बसवायची. त्यात आमचं देगलूर पडलं सीमेवर. अर्धे पाहुणे मदनूर-बोधनचे, उरलेले औरादकडचे. सून लग्नाला का आली नाही, याचा खुलासा मराठीत केला की तेलुगूत मागतात आणि तेलुगूत पटला की कानडीत. ‘बी.एड.’ एवढं ऐकलं की मात्र तिन्हीकडचे लोक सारखाच उसासा टाकतात.

रात्री जेवणं उरकली की सून ओट्यावरची भांडी आवरून तिथंच टाचणवही उघडते. उद्दिष्टं, पूर्वज्ञान, प्रस्तावना, हेतुकथन असे रकाने. एकदा मला म्हणाली, “मामा, जरा सातवीचा विद्यार्थी व्हा.” झालो. “सांगा, ओले कपडे वाळतात तेव्हा त्यांतलं पाणी कुठं जातं?” मी म्हटलं, “पाण्याचं माहीत नाही, पण तुझं धुणं अजून गच्चीवरच आहे, आणि बाहेर आभाळ गडगडतंय.” बाष्पीभवन प्रस्तावनेतच सोडून ती जिन्याकडे पळाली. ओली चादर खांद्यावर टाकून परत आली आणि पुस्तकातल्या प्रबलन कौशल्याला जागून म्हणाली, “शाबास, छान निरीक्षण!” या घरात एवढी वर्षं काढली, पण शाबासकी पहिल्यांदाच मिळाली. तेव्हापासून मी रोज विद्यार्थी व्हायला तयार असतो.

या कौशल्यांच्या सरावाला सूक्ष्म अध्यापन म्हणतात. मी कुतूहलानं तिचं पुस्तक चाळलं. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं चुका ऐकायच्या, मग बारा मिनिटं पाठाची नव्यानं आखणी, पुन्हा सहा मिनिटं शिकवायचं आणि पुन्हा सहा मिनिटं ऐकायचं. एकूण ३६. मला सगळ्यात आवडली ती मधली बारा मिनिटं. शिकवण्याच्या दुप्पट वेळ नुसता विचाराला! आमच्या घरात वरणात मीठ जास्त झालं तर प्रत्याभरण सहा सेकंदांत मिळतं, चारी बाजूंनी मिळतं आणि दुसरं वरण तिथल्या तिथं हवं असतं. ही बारा मिनिटं मी आमच्या मंडळींनाही समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मग तेवढा वेळ भाकरी कोण थापणार?” प्रश्न कौशल्यात पैकीच्या पैकी.

अभ्यासक्रम ठरवणारे काही निर्दय नसावेत. त्यांनी ‘स्वतःला समजून घेणे’ असा एक स्वतंत्र भागच ठेवलाय. योगही आहे. फक्त स्वतःला समजून घेतल्याची फाइल करायची असते. पाठांच्या वह्या संपवून सून रात्री उशिरा स्वतःला समजून घ्यायला बसते तेव्हा तिला स्वतःबद्दल एकच गोष्ट स्पष्ट समजलेली असते, की झोप येतेय. पण ती लिहून चालत नाही. मग ‘माझी बलस्थाने’ या मथळ्याखाली ती ‘संयम’ लिहिते, आणि तेवढ्यात आतून पोरगं रडतं.

तिची हक्काची बारा मिनिटं मला सापडली ती एस.टी.त. सरावाची शाळा नरसीच्या बाजूला. येताना मी एकदा त्याच गाडीत होतो, तिला ठाऊक नव्हतं. तिकीट काढलं, पिशवीतला गुंडाळलेला तक्ता मांडीवर आडवा घेतला, खिडकीला डोकं टेकलं आणि देगलूर येईपर्यंत बाई जगात नव्हती. बायकांना मार्च २०२३ पासून एस.टी.चं तिकीट अर्धं झालं. अर्ध्या तिकिटात एवढी पुरी झोप दुसरं कुठलं खातं देत नसावं. शेजारचा पोत्यावर बसलेला म्हातारा तिच्या तक्त्यावरचे ढग निरखत होता. स्टँडावर कंडक्टरनं हाक मारली तशी ती उठली, पदर सारखा केला आणि मला पाहून चपापली. “मामा, आईंना सांगू नका हं.” मी कशाला सांगतोय! आईच दुपारी दार लोटून तासभर घोरतात.

त्या रात्री तिची आत्मचिंतनाची डायरी अडली. दिवसभरातल्या अनुभवांवर रोज पानभर मनन लिहायचं असतं. “काय लिहू मामा?” मी म्हटलं, “गाडीत जे केलंस ते लिही.” तिनं थोडा विचार केला आणि लिहिलं: ‘परतीच्या प्रवासात डोळे मिटून आजच्या पाठाचे मनन केले.’

आठवड्यानं डायरी तपासून आली. त्या ओळीखाली लाल शाईत शेरा होता: ‘चांगले. अधिक सविस्तर करावे.’