थंडे सर

मारेगावात कुठं रेती-गिट्टीचा ढीग पडला, की दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं थंडे सर उभे. त्यांचं खरं आडनाव पेन्शनच्या कागदांवर आहे. गावाला ते लागत नाही. उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेला. निवृत्तीनंतर वर्ग सुटला, विद्यार्थी मात्र वाढले. आता ज्याला घर बांधायचं आहे तो प्रत्येक जण सरांचा विद्यार्थी. त्याला ते ठाऊक नसतं, एवढंच.

मालक चहा सांगतो. पहिला घोट घेऊन सर विचारतात, "पश्चिम कुठं आहे?"

इथं निम्मे नापास. प्लॉटचा दर, रजिस्ट्रीचा खर्च, वणीच्या दुकानातला लोखंडाचा भाव तोंडपाठ. सूर्य कुठं मावळतो ते मात्र मान वर करून शोधावं लागतं. सर खिशातून होकायंत्र काढतात. नकाशात पश्चिमेला हमखास झोपायची खोली असते आणि तिला काचेची सहा फुटी सरकती खिडकी. वणी-चंद्रपूरच्या या पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. "म्हणजे दुपारी तीनपासून तुम्ही सहकुटुंब भट्टीत," सर शांतपणे निकाल देतात.

सरांचं शास्त्र पक्कं आहे, हे कबूल करायला हवं. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावरून जातो, म्हणून सर्वांत जास्त ऊन खातं ते छत. चार-पाच इंची स्लॅब दिवसभर तापत राहतो आणि माणसं जेवून आडवी झाली की साठवलेली उष्णता खाली सोडायला लागतो. पंखा तीच हवा फिरवतो. यावर सरांची औषधं साधी. गच्चीला पांढरा चुना मारा. राजूरचा चुना काही लंडनहून आणायचा नाही. पश्चिमेला न्हाणी, जिना, कपाटं जाऊ द्या. त्या अंगाला कडुनिंब लावा. खिडक्या दिवसा बंद, रात्री समोरासमोरच्या उघड्या. चुलीच्या धुराला वर वाट द्या, बायकांची छाती काही धुराडं नाही. जुना 75 वॅटचा पंखा काढून 30 वॅटचा बीएलडीसी लावा. यात न पटण्यासारखं काय आहे? काहीच नाही. पण सल्ला फुकट मिळालेला आणि स्वस्तात होणारा. तो कोण ऐकणार?

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं 2018 साली 'इको निवास संहिता' काढली. सरांनी ती छापून घेतली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि एका मिस्त्रीला भर उन्हात वाचून दाखवली : भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला 15 वॅटच्या वर जाता कामा नये. मिस्त्री म्हणाला, "सर, वॅटचं लाईनवाल्याले सांगा. माह्याकडे वीट हाये."

मग सर विटेवर आले. वास्तुविशारद लॉरी बेकरनं केरळात रुजवलेली बांधणी त्यांनी चार विटा घेऊन रचून दाखवली : वीट कडेवर उभी करायची, मधे पोकळी ठेवायची, सुमारे चौथाई विटा वाचतात आणि पोकळीतली हवा ऊन अडवते. मिस्त्रीनं त्या पोकळीत बोट घालून पाहिलं. "म्हणजे मालकाच्या पैशानं उंदराचं घर!"

"एकदा सेवाग्रामला जाऊन बापू कुटीत बसून या," असंही सर एका मालकाला म्हणाले. उत्तर आलं, "सर, गांधीजीले समोर दोन गाळे काढाचे नव्हते."

सरांचं स्वतःचं घर जुनं, दीड हात मातीच्या भिंती, वर कवेलू. मे महिन्यात आत पाऊल टाकलं की जीव खरंच निवतो. पण दर पावसाळ्याआधी कवेलू फेरावे लागतात, फेरणारा माणूस मिळत नाही, आणि वानरांना छपरावरून उड्या मारायला मुहूर्त लागत नाही. सरांच्या पत्नी, म्हणजे बाई, तर पाहुण्यांसमोरच सांगतात, "गारवा यांचा, सारवण माझं." कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, पोडावर जाऊन सरांनी कुडाच्या भिंतींचं कौतुक केलं, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्यानं शांतपणे विचारलं, "इतकं चांगलं हाये, तर बदलाबदली करता का?" लोक स्लॅबसाठी झुरतात ते काही वेडे म्हणून नाही. सरांना हे कळतं, पण मान्य करताना त्यांचा आवाज बारीक होतो.

यंदा मात्र प्रकरणाला कलाटणी मिळाली. एका मालकाला सर दीड तास पश्चिम समजावत होते. तो हलला नाही. दुसऱ्या दिवशी वास्तुवाला आला, "दार सरकवा" म्हणाला, आणि मालकानं बांधून झालेली भिंत बिनबोभाट पाडली. आयुष्यभर बुवाबाजीविरुद्ध वर्गात प्रयोग करून दाखवणाऱ्या माणसाला त्या रात्री गार घरातही झोप आली नाही.

पुढच्या बांधकामावर सरांनी होकायंत्र काढलं, डोळे मिटले आणि खोल आवाजात म्हणाले, "पश्चिमेला मोठी खिडकी? या घरात पैसा टिकणार नाही."

संध्याकाळच्या आत खिडकी बुजली.

"खोटं काय बोललो?" घरी त्यांनी बाईंना विचारलं. "कूलर दिवसरात्र चालेल, बिल येईल, पैसा टिकेल का?" मग त्यांची जीभच सुटली. काळी गच्ची असली की नवरा-बायकोत भांडणं होतात. छत पांढरं केलं की रात्री शांती लाभते. मागच्या भिंतीला झरोका नसेल तर घरातलं आजारपण बाहेर जात नाही. प्रत्येक वाक्य तपासून पाहावं, विज्ञानाच्या पुस्तकात बसतं. फक्त सर ते डोळे मिटून म्हणतात.

गावात आता चुना दिसू लागला आहे. मिस्त्रीसुद्धा पाया खोदण्याआधी विचारतो, "सरले दाखवलं का?"

परवा एक मालक नारळ आणि पाकीट घेऊन दारात आला. त्याला पायाभरणीचा मुहूर्त हवा होता आणि जमलं तर मुलीची पत्रिकाही दाखवायची होती. सर कासावीस झाले. "अरे बाबा, मी विज्ञानाचा शिक्षक आहे," म्हणत त्यांनी पाकीट परत केलं. दक्षिणा कमी पडली असं समजून मालकानं त्यात आणखी पाचशेची नोट घातली.

आतून बाईंचा आवाज आला, "ठेवून घ्या. कवेलू फेरणारा उद्या येतोय."