फॉरमॅट मारण्याआधी

स्टुटगार्ट, जर्मनी

तीर्थरूप बाबा आणि सांगलीचे मामा,

साताऱ्याच्या घरातला थिंकपॅड टी४२० लॅपटॉप भंगारात काढावा असं बाबांचं म्हणणं, आणि दुकानात नेऊन त्याला ‘फॉरमॅट मारून’ आणावा असं मामांचं. आपल्या घरात एखाद्या प्रश्नावर अजून दोनच मतं आहेत, याचा अर्थ आत्याला अद्याप कळलेलं नाही. ती बातमी पोचण्याआधी तिसरं मत मीच नोंदवतो: लॅपटॉप ठेवावा, फॉरमॅट मारू नये, डिस्क बदलावी.

बाबांचा मुख्य पुरावा असा की यंत्र २०११ सालचं आहे आणि त्याच्यावर विंडोज ११ चढत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो; आपला दुसऱ्या पिढीतला. त्यात विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पण यातून सिद्ध काय होतं? मायक्रोसॉफ्टने हात काढून घेतला, एवढंच. कळफलक, पडदा, प्रोसेसर यांनी काही राजीनामा दिलेला नाही. हे यंत्र रेंगाळतं ते मुख्यतः आतल्या फिरत्या हार्ड डिस्कमुळे. तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी बसते आणि यंत्र उघडायला लागणारा वेळ चहा करण्याइतका राहत नाही. मिरजेत सतारीचा आवाज बसला म्हणून कोणी भोपळा फेकत नाही; तारांनी घोडीवर चरे पाडलेले असतात, कारागीर ते घासून जवारी नीट करतो. मामांनी हे उभा जन्म शेजारच्या गावात पाहिलं आहे, तरी लॅपटॉपच्या बाबतीत ते सगळं साफ पुसायला निघाले आहेत!

आता मामांच्या फॉरमॅटविषयी. फॉरमॅट मारला की त्याच डिस्कवर नवी प्रणाली बसते आणि जुनं सगळं जातं. ‘सगळा डेटा काढून घेतलाय ना?’ असं दुकानातला मुलगा विचारतो, आपण ‘हो’ म्हणतो, आणि ‘सगळा’ म्हणजे काय ते पुढच्या दिवाळीला कळतं. टी४२० ची गंमत अशी की त्याची डिस्क एका स्क्रूमागे बसलेली आहे. शिवाय डीव्हीडीचा खण सरकवला की बाहेर येतो आणि त्या जागी कॅडी नावाच्या चौकटीत घालून दुसरी डिस्क बसवता येते. तेव्हा क्रम असा. यंत्र बंद करून बॅटरी काढा, जुनी डिस्क बाहेर घ्या, कोरी एसएसडी आत सरकवा आणि मगच लिनक्स मिंट या प्रणालीचा पेनड्राइव्ह लावून सुरू करताना एफ१२ दाबा. आधी न बसवताच पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं: वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर ऐकतो का. बसवताना कितीही चुकीची बटणं दाबली तरी जुन्या डिस्कला धक्का लागत नाही, कारण ती त्या वेळी टेबलाच्या खणात असते. आजकालच्या काही पातळ लॅपटॉपांत साठवणूक बोर्डालाच डकवलेली असते, त्यांना हे भाग्य नाही. नवा घ्या म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

‘लिनक्स हे कॉम्प्युटरवाल्यांचं काम’ हा आक्षेप येणारच. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकताहेत, आणि इथल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने सुमारे तीस हजार सरकारी संगणकांवर मायक्रोसॉफ्ट ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस आणायचं २०२४ मध्ये जाहीर केलं. बाबांना ईमेल, पेपर आणि भजनं लागतात. त्यांची गरज काही राज्य सरकारपेक्षा मोठी नाही. मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट कळफलक आहेच. खरी अडचण जुन्या मजकुराची आहे. युनिकोड येण्याआधीच्या धाटणीच्या फाँटमध्ये टाइप केलेली पत्रं तो फाँट नसेल तिथे इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन दिसतात. त्यासाठीच जुनी डिस्क जपायची. लागेल तेव्हा ती परत लावा, पण इंटरनेट बंद ठेवून, कारण आता तिच्यावरच्या विंडोज १० ला सुरक्षेची डागडुजी मिळत नाही. उघडलेलं पत्र पीडीएफ करून ठेवलं की ते कुठेही वाचता येतं. टॅली किंवा डिजिटल सहीचं टोकन ज्यांना रोज लागतं त्यांना मात्र हा सल्ला लागू नाही. मामांनी जीएसटी या यंत्रावर भरू नये, हे मी लेखी देतो.

राहिला डिस्क ठेवायचा प्रश्न. फिरती डिस्कही कधीतरी मान टाकते, म्हणून तिची नक्कल हवी, आणि ती दुसऱ्या गावात हवी. कोयना धरणातून पाणी सुटलं की सांगलीकर आयर्विन पुलाकडे बघू लागतात. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. सातारा जिल्हा सांगलीला एवढं पाणी पाठवतो, तर सांगलीने आपल्या कागदांची एक नक्कल साताऱ्याला अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी पाठवायला हरकत नाही. पाणी उलटं चढत नाही. साताऱ्याची नक्कल सांगलीत कशाला, असं बाबा विचारतील; ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप त्यांना माझ्यापेक्षा चांगला आठवतो.

लॅपटॉप भंगारवाल्याकडे द्यायचाच ठरला, तरी त्या डिस्कवर पॅन, आधार आणि सात-बाराच्या स्कॅन प्रती आहेत. तेव्हा दुकान असो की भंगार, यंत्र घराबाहेर नेण्याआधी तो एक स्क्रू काढा आणि डिस्क कपाटात ठेवा. आत्याला माझा नमस्कार सांगा, हे पत्र दाखवू नका.

तुमचा धाकटा