फसवून घेण्याचे शास्त्र : कवठे महांकाळ तालुक्यातील इच्छुकांसाठी

जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात फसणे हा नशिबाचा खेळ आहे, असा गैरसमज सर्वत्र रूढ आहे. वस्तुतः ते पद्धतशीर प्रयत्नांनी साध्य होणारे फळ असून त्यासाठी फसणाऱ्याचा सहभाग फसवणाऱ्याइतकाच सक्रिय असावा लागतो, ही बाब या विषयावरील लेखनात पुरेशा आदराने नोंदवली गेलेली नाही. प्रस्तुत मार्गदर्शन ती उणीव भरून काढण्यासाठी असून ते मुख्यतः सांगली जिल्ह्यातील कवठे महांकाळ तालुक्यातील इच्छुकांना उद्देशून आहे. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी आले, द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेड वाढली, आणि त्यांच्यामागोमाग जुने ब्लोअर (म्हणजे ट्रॅक्टरला जोडून बागेवर औषध फवारण्याचे यंत्र), पाणबुडी मोटारी, ठिबकच्या नळ्या आणि दुचाक्या यांची खरेदी-विक्रीही वर्षभर चालू राहिली; तिला पूर्वी चार माणसांसमोर व्यवहार करण्याची जी अडचण होती, ती मोबाइलने दूर केली आहे.

इच्छुकाने सर्वप्रथम जनावरांच्या बाजारात शिकलेले सर्व काही विसरावे. ही पूर्वअट वाटते तितकी सोपी नाही, कारण या भागातील माणूस शेजारच्या आटपाडी तालुक्यात खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार बैल घेतो तेव्हा त्याच्या अंगी असलेला संशय विलक्षण सूक्ष्म असतो. तो बैलाचा जबडा उघडून दात मोजतो. दुधाचे दात पडून पुढे किती कायमचे दात आले यावरून जनावर दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेले, म्हणजेच त्याचे वय किती, हे ठरवतो. अंगावरचे भोवरे पाहतो, खुरांवरून हात फिरवतो, बैल चालवून दाखवायला लावतो, आणि एवढे करूनही समाधान झाले नाही तर गावाकडच्या एखाद्या जाणत्याला हाक मारतो. भाव उपरण्याखाली बोटे धरून ठरतो, विसार (म्हणजे सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून दिलेली आगाऊ रक्कम) जनावर डोळ्यांसमोर असतानाच हातावर पडतो, आणि पावतीवर विकणाऱ्याचे नाव-गाव येते. हाच माणूस अंथरुणावर पडल्या पडल्या तीन छायाचित्रे पाहून, कधीही न भेटलेल्या इसमाला, कधीही न पाहिलेल्या मोटारसायकलीसाठी ‘टोकन’ पाठवतो, तेव्हा त्याने पूर्वअट पूर्ण केली असे समजण्यास हरकत नाही. ‘पाण्यात म्हैस, बाहेर मोल’ ही म्हण ज्यांनी रचली त्यांना म्हशीचे निदान शिंग तरी दिसत असावे.

यानंतर विक्रेत्याची भूमिका पाहू. जुना ब्लोअर विकायचा असल्यास जाहिरातीत किंमत, गाव आणि मोबाइल क्रमांक या तिन्ही गोष्टी ठळकपणे द्याव्यात आणि पहिल्या फोनची वाट पाहावी. फोन बहुधा लवकर येतो, बोलणारा हिंदीत अत्यंत आदराने बोलतो, आणि त्याचे मुख्य लक्षण असे की तो घासाघीस करत नाही. ब्लोअरचा पंप कोणत्या कंपनीचा, टाकी किती लिटरची, पंख्याची पाती बदलली आहेत काय, यांपैकी एकही प्रश्न न विचारता तो सांगितलेली किंमत मान्य करतो. ज्या तालुक्यात कोथिंबिरीच्या पेंडीवरही दोन रुपये कमी करून मागितले जातात, तेथे या लक्षणाने सावध होण्याचा धोका संभवतो. इच्छुकाने तो मोह आवरून गिऱ्हाईक मोठ्या मनाचे आहे असे घरच्यांना सांगावे.

पुढील पायरी या शास्त्राचा गाभा आहे. गिऱ्हाईक प्रथम पाच रुपये पाठवते आणि ते खरोखर जमा होतात. मग ते एक क्यूआर कोड, म्हणजे स्कॅन केल्यावर समोरच्याच्या खात्याचा पत्ता उघडणारा चौकोनी ठिपक्यांचा ठसा, व्हॉट्सअॅपवर धाडते आणि सांगते की हा स्कॅन करून पिन टाकला की उरलेले पैसे जमा होतील. विक्रेता स्कॅन करतो, पडद्यावर ‘पे’ असा शब्द आणि रक्कम दिसते, खाली आपल्याच बँकेचे नाव दिसते, आणि कानाशी मोबाइलमधला आवाज ‘सर, जल्दी कीजिए, टाइमआउट हो जाएगा’ असे बजावत असतो. अशा वेळी पडद्यावरचा शब्द न वाचता कानावरचा आवाज ऐकणे, ही खरी साधना होय. पिन टाकताच पैसे जातात. गिऱ्हाईक दिलगिरी व्यक्त करते, सर्व्हरला दोष देते आणि गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी दुसरा क्यूआर कोड पाठवते, तोही पहिल्याच पद्धतीने वापरायचा असतो.

येथे एक तांत्रिक सत्य नाइलाजाने नोंदवावे लागते. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय या व्यवस्थेत पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. तो पैसे देण्यासाठी किंवा शिल्लक पाहण्यासाठी लागतो, आणि क्यूआर कोड स्कॅन करणारा नेहमी देणारा असतो, घेणारा नव्हे. किराणा दुकानात रोज हेच घडत असून दुकानदाराने गिऱ्हाइकाचा कोड स्कॅन करून पैसे घेतल्याचे कोणी पाहिलेले नाही. तरीही फसवणाऱ्याने भूमिका उलटी केली की विक्रेत्याला आपण विक्रेते आहोत याचे विस्मरण होते, हा मनुष्यस्वभावाचा भाग तंत्रज्ञानापेक्षा अधिक अभ्यसनीय आहे. पूर्वी या कामी ‘कलेक्ट रिक्वेस्ट’, म्हणजे समोरच्याने आपल्याकडे केलेली पैशांची मागणी, हेही साधन उपलब्ध होते. परंतु राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने व्यक्ती-व्यक्तींमधील अशा मागण्या १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केल्यामुळे या क्षेत्रातील पारंपरिक कारागिरांची गैरसोय झाली असून त्यांचा भर आता क्यूआर कोड, पडदा-वाटणी (म्हणजे आपल्या मोबाइलचा पडदा समोरच्याला दिसू देणे) आणि खोट्या संदेशांवर आहे.

खोट्या संदेशाचा प्रकार थोडक्यात आटोपता येईल. आठ हजारांऐवजी चुकून ऐंशी हजार गेले, असे सांगणारा फोन येतो आणि तसा जमा-संदेशही मोबाइलवर दिसतो. इच्छुकाने हा संदेश अक्षरी नावाने न येता साध्या दहा आकडी क्रमांकावरून आला आहे याकडे डोळेझाक करावी, खात्यातील शिल्लक मुळीच तपासू नये आणि माणुसकीला जागून बहात्तर हजार तत्काळ परत पाठवावेत.

ग्राहक म्हणून फसायचे असल्यास गणवेशाचा मार्ग सर्वांत प्रतिष्ठित आहे. दोन वर्षे वापरलेली स्कूटर निम्म्याहून कमी किमतीत मिळत असते, विकणारा आपण सैन्यात असून जम्मूला बदली झाल्यामुळे घाईने विकत असल्याचे सांगतो, आणि विश्वासासाठी ओळखपत्र, कँटीन कार्ड आणि गणवेशातील छायाचित्र न मागता पाठवतो. ज्या मुलखात साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात आणि जवळपास प्रत्येक वाडीवरचे कोणी ना कोणी सैन्यात असते, तेथे जवानावर संशय घेणे अप्रशस्त ठरते, आणि फसवणाऱ्याची निवड यामुळेच दाद देण्याजोगी आहे. ओळखपत्र बहुधा खऱ्याच जवानाचे असते. तो बिचारा अशाच एखाद्या व्यवहारात ते पाठवून बसलेला असतो. स्कूटर ‘आर्मी पार्सल’ने येणार असते. असल्या पार्सलने नागरिकांच्या घरी जुन्या दुचाक्या पोहोचवण्याची कोणतीही सेवा भारतीय सैन्य चालवत नाही, ही माहिती सुट्टीवर आलेल्या कोणत्याही खऱ्या फौजीकडून पाच मिनिटांत मिळू शकते, म्हणून त्याला विचारू नये. पुढे गेट पास, विमा, जीपीएस, जीएसटी अशी शुल्के एकामागून एक येतात, प्रत्येक शुल्क ‘रिफंडेबल’, म्हणजे परत मिळणारे, असते, आणि आधीचे बुडू नये म्हणून पुढचे भरावे लागते. वेषावर विसंबण्याची ही सवय मोबाइलपुरती मर्यादित ठेवण्याचे कारण नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये कवठे महांकाळ शहरातच प्राप्तिकर अधिकारी म्हणवणाऱ्या टोळीने एका घरावर बनावट छापा टाकून सोने आणि रोकड लांबवली होती.

वाहन प्रत्यक्ष समोर आले तरी इच्छुकाने निराश होऊ नये. एमपरिवहन अॅपवर एमएच-१० चा क्रमांक टाकला असता वाहनाची नोंद, विमा आणि कर्जाचा बोजा यांची माहिती मिळते, ती पाहू नये. मालकी बदलाचे नमुने २९ आणि ३०, तसेच बोजा उतरवण्याचा नमुना ३५, यांवर सह्या झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत असे जे म्हणतात त्यांच्यापासून दूर राहावे. जुना मोबाइल घेताना स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून मिळणारा आयएमईआय क्रमांक संचार साथी पोर्टलवर तपासला तर चोरीचा माल ओळखू येतो आणि सगळा रसभंग होतो.

या कलेचा उगम दूरच्या कोणत्या तरी मुलखात, झारखंडच्या जामताड्यात किंवा राजस्थान-हरियाणाच्या मेवातात झाला, असे समजणे स्थानिक परंपरेवर अन्याय करणारे आहे. तासगाव, मिरज आणि कवठे महांकाळ या पट्ट्यात द्राक्षांचा हंगाम आला की परगावचा व्यापारी भाड्याची खोली घेऊन उतरतो, पहिल्या एक-दोन गाड्यांचे पैसे बांधावरच रोख मोजतो, दर इतरांपेक्षा किलोमागे दोन-चार रुपये जास्त देतो, आणि हंगाम भरात आल्यावर अनेक बागांचा माल उधारीवर किंवा पुढच्या तारखेच्या धनादेशावर उचलून एका रात्रीत नाहीसा होतो, ही हकीकत इंटरनेटपेक्षा जुनी आहे. आवळा देऊन कोहळा काढण्याची ही रीत जशीच्या तशी मोबाइलमध्ये आली असून पहिल्या गाडीच्या रोख पैशांची जागा पाच रुपयांनी घेतली, एवढाच फरक पडला. तरी बागायतदाराला निदान व्यापाऱ्याचा चेहरा आठवत असे.

अतिप्रगत अभ्यासकांसाठी पडदा-वाटणीचे अॅप आणि व्हॉट्सअॅपवर येणारी एपीके फाइल, म्हणजे अधिकृत अॅप-भांडाराबाहेरून थेट मोबाइलमध्ये बसणारा प्रोग्रॅम, उपलब्ध आहेत. त्यांच्यामुळे पिन सांगण्याचेही कष्ट उरत नाहीत.

शेवटचा आणि बहुतेकांकडून उत्तम रीतीने पार पडणारा टप्पा म्हणजे गप्प बसणे. पैसे गेल्यावर गावात हसे होईल या भीतीने चार दिवस कोणालाही सांगू नये, कारण लगेच सांगितल्यास खेळ बिघडू शकतो. फसवणुकीची रक्कम भाड्याने घेतलेल्या खात्यांतून भराभर पुढे सरकत असते, आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर किंवा २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार वेळेत पोहोचली तर ही रक्कम वाटेतल्या एखाद्या खात्यात गोठवली जाऊ शकते. एटीएममधून रोख निघाल्यावर मात्र गोठवायला काही उरत नाही. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमानुसार अनधिकृत व्यवहारात ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचे असते आणि कळवल्यानंतरचे बँकेचे, त्यामुळे गप्प बसल्याचा प्रत्येक तास ग्राहकाच्याच खर्चाने जातो. गुन्हा कोठे घडला याचा वाद घालून पोलिसांना तक्रारदाराला परत पाठवता येत नाही, कारण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. आणि संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसवणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीला व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक, समोरच्याचा मोबाइल क्रमांक आणि जाहिरातीचे व संभाषणाचे स्क्रीनशॉट लागतात, तेव्हा पलीकडचा मजकूर पुसून टाकण्याआधी ते घेऊन ठेवावेत. १९३० हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.