पद : अर्जदार (कायम)

पदवीधर रिकामा असतो, हा एक जुना गैरसमज आहे. पुण्याच्या सदाशिव पेठेतली कुठलीही अभ्यासिका घ्या, नाहीतर तालुक्याच्या गावातलं महा ई-सेवा केंद्र. खुर्चीला सॅक अडकवून बसलेला हा इसम सकाळपासून कामात असतो. पगार तेवढा नसतो. तो ऑनलाइन अर्ज भरत असतो, आणि माझं म्हणणं असं, की हे अर्ज भरणं हीच त्याची नोकरी आहे. कार्यालयाला जो कारकून हवा असतो तो अर्ज भरता भरताच तयार होतो. प्रशिक्षणाचा खर्चही तोच करतो.

पुरावा त्याच्या मोबाइलमध्ये आहे. ‘फोटो’, ‘फोटो नवीन’, ‘फोटो फायनल’, ‘फोटो फायनल खरा’ अशा फायली, आणि सगळ्यांत तोच निळा शर्ट. बँकभरतीच्या आयबीपीएसच्या अर्जाला फोटो २० ते ५० केबीचा लागतो, सही १० ते २० केबीची. सही कॅपिटल अक्षरांत चालत नाही. शिवाय डाव्या अंगठ्याचा ठसा, आणि दिलेली माहिती खरी असल्याचं निवेदन पांढऱ्या कागदावर, स्वतःच्या हस्ताक्षरात, तेही इंग्रजीतच. अंगठ्याकडून सहीकडे जाणं म्हणजे साक्षरता, असं आपण समजत होतो. पंधरा वर्षं शिकलेल्या माणसाला सही करून झाल्यावर पुन्हा शाईचं पॅड शोधावं लागतं. नावाचं प्रकरण याहून गहन. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी, पदवीवर मध्येच आईचं नाव. ही तिन्ही माणसं एकच आहेत हे सिद्ध करताना त्याला स्वतःलाच शंका येऊ लागते. विद्यापीठ गुण सीजीपीएत देतं, अर्ज टक्केवारी मागतो. अधिवास, नॉन-क्रीमीलेअर, एमएस-सीआयटी यांचे क्रमांक आणि तारखा त्याला पाढ्यासारख्या पाठ असतात. आणि राज्य शासनाच्या नोकरीसाठी २००५च्या नियमांप्रमाणे लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापन. नोकरी नाही म्हणून लग्न जमत नाही, लग्न नाही म्हणून मुलं नाहीत. तरी हयात अपत्यांची संख्या हा गडी गंभीरपणे ‘शून्य’ अशी भरतो. या एका बाबतीत शासनाचं धोरण शंभर टक्के यशस्वी झालेलं आहे.

यावर कोणी म्हणेल, जागा थोड्या आणि उमेदवार फार, मग गाळणी नको का? २०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे दोनशेच्या वर माणसं. गाळणी हवीच, पण ती परीक्षा असते. अर्जाच्या चाळणीतून खाली पडतो तो फक्त २१ केबीची सही करणारा, किंवा ज्याच्या वडिलांच्या नंबरवर ओटीपी गेला आणि वडील रेंज नसलेल्या शेतात होते, तो. त्याचं भूमापनाचं ज्ञान कसं आहे, हे कोणी विचारलेलंच नसतं. तलाठ्याच्या त्या अर्जाला खुल्या प्रवर्गासाठी १,००० रुपये शुल्क होतं, राखीव प्रवर्गासाठी ९००, आणि परीक्षा शुल्क हे ‘ना-परतावा’ असतं. मराठी भाषेला प्रशासनाने दिलेल्या शब्दांपैकी हा सर्वांत प्रामाणिक शब्द असावा.

दुसरा आक्षेप काकांचा असतो. आमच्या वेळी टपालाने अर्ज जायचे, राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीसाठी चपला झिजायच्या. तुमचं तर घरबसल्या होतं! यात तथ्य आहे. तो अधिकारी नेमका रजेवर असायचा, आणि असला तरी सहीआधी उपदेश करायचा. पण काकांच्या काळात खिडकीपलीकडे माणूस होता, आणि माणसाला ‘साहेब, एवढं चालवून घ्या’ म्हणता येत असे. संगणकाला हे वाक्य येत नाही. शेवटच्या रात्री पावणेबाराला पैसे खात्यातून जातात, पडद्यावर ‘पेंडिंग’ येतं, आणि गोल गोल फिरणाऱ्या त्या चक्राला साहेब म्हणून उपयोग नसतो. (शेवटच्या रात्रीपर्यंत थांबायचंच कशाला, हे विचारणाऱ्यांनी वीजबिल कधी भरता ते आधी सांगावं.)

मग खासगी नोकरी बघ, हा तिसरा सल्ला. तिथेही बायोडाटा अपलोड करून घेतात आणि लगेच त्यातलीच माहिती चौकटी-चौकटींत पुन्हा टाइप करायला लावतात. नक्कल करून ठेवणं हे कारकुनी विद्येचं मूळच असल्याने आमचा माणूस इथेही डगमगत नाही. जाहिरात फ्रेशरसाठीच असते, फक्त खाली दोन वर्षांचा अनुभव आवश्यक असतो. चार वर्षं तो रोज कागद जुळवतो, तारखा तपासतो, एकाच माणसाच्या तीन नावांचा मेळ घालतो, मुदतीच्या आत नोंद करून पोच जपून ठेवतो. पण अनुभवाच्या रकान्यापाशी आला की क्षणभर थांबतो, आणि ‘निरंक’ लिहून ‘पुढे’वर क्लिक करतो.